क्लस्टरवर जॉब टाकताना नोड, कोर, मेमरी आणि वेळ नक्की किती मागायची

क्लस्टरवर (म्हणजे एकत्र जोडलेली बरीच मशीन, ज्यावर आपलं काम म्हणजे जॉब रांगेत टाकून चालवायचं) नवीन आलेल्या बहुतेकांची पहिली जॉब स्क्रिप्ट कुठल्यातरी सिनियरची असते, त्या सिनियरला ती त्याच्या सिनियरने दिलेली असते, आणि त्यात चार नोड (म्हणजे मशीन), १२८ कोर, सात दिवस असं काहीतरी लिहिलेलं असतं जे का लिहिलंय ते आता कोणालाच माहीत नसतं. मग जॉब दिवसेंदिवस पेंडिंग राहतो आणि आपण म्हणतो क्लस्टर फार बिझी आहे बुवा. असेलही बिझी, पण बऱ्याचदा प्रोग्रामला एक कोर आणि चार जीबी पुरणार असतं आणि आपण अख्खे नोड रिकामे व्हायची वाट बघत बसलेलो असतो.

खालचं सगळं स्लर्मबद्दल (जॉब रांगेत लावून मशीन वाटून देणारं सॉफ्टवेअर) आहे कारण बहुतेक ठिकाणी तेच असतं, पीबीएसवाल्यांसाठी (तसंच दुसरं सॉफ्टवेअर) शेवटी थोडं लिहिलंय. कमांड आणि ऑप्शन मी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायचे.

आधी क्लस्टरमध्ये आहे काय ते बघा

लॉगिन केल्यावर पहिलं काम म्हणजे एसइन्फो मारा. पार्टिशनची (म्हणजे नोडच्या गटांची) नावं दिसतील, प्रत्येकाची टाइम लिमिट दिसेल, आणि किती नोड आयडल आहेत, किती मिक्स (म्हणजे काही कोर भरलेत, काही मोकळे), किती अॅलोकेटेड (पूर्ण भरलेले) आणि किती ड्रेन किंवा डाउन (वापरायला बंद) ते कळेल. मग कुठल्याही एका नोडचं नाव घेऊन एसकंट्रोल शो नोड करा, त्यात तीन गोष्टी बघायच्या: एकूण सीपीयू किती, रिअलमेमरी किती (ही एमबीमध्ये असते), आणि जीआरईएस म्हणजे जीपीयू वगैरे आहेत का.

रिअलमेमरी बघायला सांगतोय त्याला कारण आहे. नोडमध्ये १९२ जीबी रॅम आहे असं क्लस्टरच्या माहितीत लिहिलेलं असतं पण जॉबला द्यायला त्याहून थोडी कमी असते, काही भाग ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ठेवलेला असतो. तुम्ही बरोब्बर १९२ मागितली की त्या नोडवर जॉब बसतच नाही, एक तर सबमिट करतानाच असं कॉन्फिगरेशन उपलब्ध नाही म्हणून एरर येते नाहीतर जॉब मोठ्या मेमरीच्या दोन-चार नोडच्या मागे जाऊन लाइनीत उभा राहतो, आणि १८० मागितली असती तर कधीच चालू झाला असता. दुसरं म्हणजे थ्रेड्स-पर-कोर २ असेल तर स्लर्म ज्याला सीपीयू म्हणतंय तो अर्धा कोर आहे, हायपरथ्रेडिंग चालू आहे एवढंच, त्यामुळे ६४ सीपीयू बघून हुरळून जाऊ नका, खरे कोर ३२ आहेत.

नोड, टास्क आणि सीपीयू यातला गोंधळ

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात त्यामुळे जरा सावकाश वाचा.

नोड म्हणजे एक अख्खं मशीन. टास्क म्हणजे एक प्रोसेस. सीपीयूज-पर-टास्क म्हणजे त्या एका प्रोसेसला किती कोर द्यायचे. आता तुमचा प्रोग्राम कुठल्या जातकुळीचा आहे ते आधी ठरवा. साधा सिरियल प्रोग्राम असेल, म्हणजे तुम्ही लिहिलेली साधी पायथन स्क्रिप्ट किंवा एका लूपमध्ये चालणारा सी कोड, तर एक टास्क एक सीपीयू, संपलं, जास्त दिलं तरी तो वापरणार नाही. थ्रेडवाला असेल (एकच प्रोसेस, पण तिच्या आत कामाचे अनेक धागे एकाच वेळी चालतात), म्हणजे त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ओपनएमपी, थ्रेड्स, एन-जॉब्स, वर्कर्स असले शब्द दिसत असतील, तर एक नोड, एक टास्क आणि सीपीयूज-पर-टास्क हवे तेवढे. एमपीआयवाला असेल (बऱ्याच वेगळ्या प्रोसेस एकमेकांना निरोप पाठवत मिळून काम करतात), म्हणजे तो एमपीआयरनने चालवा असं लिहिलेलं असेल, तर एनटास्क्स जास्त आणि प्रत्येक टास्कला एक सीपीयू, आणि फक्त हाच प्रकार एकापेक्षा जास्त नोडवर खऱ्या अर्थाने पसरू शकतो. दोन्हीचं मिश्रण असलेले हायब्रिड कोडही असतात, तिथे दोन्ही आकडे वाढवायचे, पण ते करणाऱ्याला बहुधा हे सगळं माहीत असतं.

चुकीचं मागितलं तर काय होतं? थ्रेडवाल्या प्रोग्रामला १६ कोर हवेत म्हणून कोणी --एनटास्क्स=१६ लिहिलं, तर स्लर्मच्या दृष्टीने तुम्ही १६ वेगळ्या प्रोसेस मागितल्यात, आणि नोड्सचा आकडा दिला नसेल तर ते १६ कोर तीन नोडवर विखुरलेले मिळू शकतात, तुमचा प्रोग्राम मात्र पहिल्या नोडवरच धावणार कारण थ्रेड काही नोडची भिंत ओलांडत नाहीत. त्यातून पुढे एसरन (जॉबच्या आत प्रत्येक टास्कसाठी प्रोग्राम सुरू करणारी कमांड) लावलं असेल तर अजून मजा, तोच प्रोग्राम १६ वेळा सुरू होतो आणि सगळे एकाच आउटपुट फाइलवर तुटून पडतात. उलट बाजूने, चार नोड मागितले आणि स्क्रिप्टमध्ये नुसतं पायथन अमुक असं लिहिलं तर स्क्रिप्ट फक्त पहिल्या नोडवर चालते, बाकी तीन नोड तुमच्या नावावर रिकामे बसून राहतात. जास्त नोड मागितले की प्रोग्राम आपोआप जास्त नोडवर चालतो हा समज डोक्यातून काढूनच टाका.

थ्रेडवाल्या साध्या जॉबची स्क्रिप्ट साधारण अशी दिसते:

#!/बिन/बॅश
#एसबॅच --जॉब-नेम=टेस्ट
#एसबॅच --नोड्स=१
#एसबॅच --एनटास्क्स=१
#एसबॅच --सीपीयूज-पर-टास्क=८
#एसबॅच --मेम=१२जी
#एसबॅच --टाइम=०३:००:००

एक्स्पोर्ट ओएमपी_नम_थ्रेड्स=$स्लर्म_सीपीयूज_पर_टास्क
एसरन --सीपीयूज-पर-टास्क=$स्लर्म_सीपीयूज_पर_टास्क ./माझा_प्रोग्राम

शेवटच्या दोन ओळी लोक गाळतात. तुम्ही आठ सीपीयू मागितलेत हे प्रोग्रामला आपोआप कळेलच असं नाही, बरेच प्रोग्राम मशीनवर एकूण किती कोर दिसतायत ते मोजतात आणि तेवढे थ्रेड सुरू करतात. पायथनचं ओएस.सीपीयू_काउंट नोडवरचे सगळे ६४ सांगेल, तुमच्या वाट्याचे आठ नाही. मग आठ कोरवर ६४ थ्रेड एकमेकांना ढकलत बसतात आणि जॉब लॅपटॉपपेक्षाही हळू चालतो. म्हणून आकडा स्लर्मच्या व्हेरिएबलमधून घ्या, हाताने लिहू नका, म्हणजे वर एका जागी बदललं की खाली आपोआप बदलतं. एसरनला सीपीयूचा आकडा परत द्यायचं कारण असं की स्लर्मच्या २२.०५ व्हर्जनपासून एसरनने तो वरून आपोआप उचलणं बंद केलं, त्यामुळे जुन्या स्क्रिप्ट अचानक एका कोरवर चालायला लागल्या आणि लोकांना कळेना काय झालं. स्पष्ट लिहिलेलं कुठल्याही व्हर्जनला चालतं.

अजून एक दोन बारीक गोष्टी स्क्रिप्टबद्दल. एसबॅचच्या सगळ्या ओळी पहिल्या खऱ्या कमांडच्या आधी हव्यात, मॉड्यूल लोड (हवं ते सॉफ्टवेअर उपलब्ध करायची कमांड) केल्यानंतर खाली लिहिलेली ओळ स्लर्म गुपचूप दुर्लक्षित करतं, एरर पण देत नाही. त्या ओळींमध्ये शेलची व्हेरिएबल चालत नाहीत. आणि कमांड लाइनवर दिलेला ऑप्शन स्क्रिप्टमधल्यावर मात करतो, त्यामुळे टेस्ट घ्यायला फाइल एडिट करायची गरज नाही, जॉब सबमिट करताना एसबॅच --टाइम=००:१०:०० आणि पुढे फाइलचं नाव, बास.

कोर किती?

जास्त कोर म्हणजे जास्त स्पीड हे एका मर्यादेपर्यंतच खरं आहे. समजा प्रोग्रामचा १० टक्के भाग असा आहे की जो एकाच कोरवर चालतो (फाइल वाचणं, शेवटी सगळं गोळा करणं वगैरे), तर अॅमडालच्या नियमाने १६ कोरवर जास्तीत जास्त ६.४ पट स्पीड मिळतो आणि ३२ कोरवर ७.८ पट. म्हणजे कोर दुप्पट घेतले आणि फायदा जेमतेम वीस टक्के, वर रांगेत थांबायचा वेळ वाढला तो वेगळाच. कितीही कोर ओतले तरी १० पटीच्या वर जाणारच नाही. त्यामुळे छोटा इनपुट घेऊन २, ४, ८, १६ कोरवर तोच जॉब चालवून बघा आणि जिथे वेळ कमी होणं मंदावतं तिथे थांबा, अर्धा दिवस जातो यात पण पुढे वर्षभर उपयोगी पडतं.

मेमरी

--मेम हा आकडा प्रत्येक नोडसाठी असतो, पूर्ण जॉबसाठी नाही, चार नोड आणि ६४ जीबी लिहिलं की एकूण २५६ जीबी झाली. आणि युनिट लिहायला विसरलात तर स्लर्म एमबी धरतं, --मेम=१६ म्हणजे १६ एमबी, त्यात पायथन नीट उभंसुद्धा राहत नाही. एमपीआय जॉबला --मेम-पर-सीपीयू जास्त सोयीचं पडतं कारण टास्क कुठल्या नोडवर किती पडतील ते आधी माहीत नसतं. दोन्ही एकत्र देऊ नका, एकच निवडा. काहीच दिलं नाही तर अॅडमिनने ठरवलेला डिफॉल्ट मिळतो आणि तो कधीकधी फारच कमी असतो.

किती लागेल हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. एक जॉब सढळ मेमरी देऊन चालवा आणि संपल्यावर एसअॅक्ट (जॉबचा हिशोब दाखवणारी कमांड) मारून मॅक्सआरएसएस (जास्तीत जास्त वापरलेली मेमरी), रेकमेम (मागितलेली मेमरी), इलॅप्स्ड (घड्याळाने लागलेला वेळ), टोटलसीपीयू (सगळ्या कोरनी मिळून खरं काम केलेला वेळ) आणि अॅलोकसीपीयूज (मिळालेले सीपीयू) हे कॉलम बघा. मॅक्सआरएसएस जॉबच्या मुख्य ओळीत रिकामा दिसतो, घाबरू नका, तो खालच्या डॉट बॅच किंवा डॉट शून्य अशा स्टेपच्या ओळीत असतो. एमपीआयमध्ये तो आकडा सगळ्यात जास्त खाणाऱ्या एका टास्कचा असतो, बेरीज नाही. आणि तो ठरावीक सेकंदांनी घेतलेल्या रीडिंगवरून येतो त्यामुळे क्षणभर वर जाऊन खाली आलेली मेमरी त्यात सुटू शकते, म्हणून मिळालेल्या आकड्यावर २०-२५ टक्के वाढवून मागा. काही क्लस्टरवर सेफ नावाची छोटी कमांड असते (एस, ई आणि दोन एफ), जॉब नंबर दिला की सीपीयू आणि मेमरी किती टक्के वापरली ते सरळ सांगते, असेल तर तीच वापरा.

नसेल तर हिशोब सोपा आहे. १६ कोर, दोन तास चालला म्हणजे ३२ कोर-तास तुमच्या नावावर लागले. टोटलसीपीयू दोन तासच दाखवत असेल तर याचा अर्थ एकच कोर काम करत होता, बाकी पंधरा नुसते अडवून ठेवले होते, आणि हे सगळं तुमच्या फेअरशेअरमध्ये (कोणी किती वापरलं याचा हिशोब) मोजलं जातं, म्हणजे पुढच्या जॉबची प्रायॉरिटी खाली जाते. मेमरीचंही तसंच, एक कोर आणि अख्ख्या नोडची मेमरी मागितली तर बाकीचे कोर मोकळे असून कोणाला वापरता येत नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी तुम्हाला चार्जही अख्ख्या नोडचा लागतो.

कमी पडली तर स्टेटसमध्ये आउट ऑफ मेमरी येतं आणि लॉगच्या शेवटी ओओएम किल असं काहीतरी दिसतं. तेव्हा लगेच अख्खा नोड मागू नका, दुप्पट करून बघा आणि परत मोजा.

--एक्सक्लुझिव्ह लावलं की नोड फक्त तुमचा, पण गंमत अशी की त्याने सगळे कोर मिळतात, सगळी मेमरी मिळत नाही, मेमरी तुम्ही मागितली तेवढीच. सगळी हवी असेल तर --मेम=० लिहायचं. टायमिंग मोजायचं असेल किंवा खरंच पूर्ण नोड भरणारा एमपीआय जॉब असेल तरच हे वापरा.

वेळ

टाइमचा फॉरमॅट नीट बघा कारण तो फसवतो. नुसता आकडा म्हणजे मिनिटं, --टाइम=२४ म्हणजे २४ मिनिटं, तास नाही. १:३० म्हणजे दीड मिनिट, दीड तास नाही! दीड तासाला ०१:३०:०० असं पूर्ण लिहायचं, आणि दोन दिवसाला २-००:००:००. मी तर म्हणतो नेहमी तिन्ही भाग लिहा.

पार्टिशनची मॅक्सिमम वेळ टाकून मोकळं व्हायची सवय सगळ्यांना असते आणि रांगेत मागे राहायचं मोठं कारण तेच आहे. स्लर्ममध्ये बॅकफिल नावाचा प्रकार असतो, मोठ्या जॉबसाठी नोड रिकामे होत असताना मधल्या वेळेत जे छोटे जॉब बसतात ते तो आत घेतो, गाडीच्या डिकीत मोठ्या बॅगा ठेवल्यावर उरलेल्या फटीत छोट्या पिशव्या सारतो तसंच. पण तुमचा जॉब तीन तासांत संपणारा आहे हे त्याला माहीत असायला हवं ना, तुम्ही सात दिवस लिहिलेत तर तो कुठल्याच फटीत बसणार नाही. त्यामुळे तीन तास लागत असतील तर चार मागा.

फार कंजुषीही नको, वेळ संपली की जॉबला टर्म सिग्नल (आवरतं घे असा इशारा) जातो आणि थोड्या सेकंदांनी (डिफॉल्ट ३०) तो मारला जातो, टाइमआउट, आणि चेकपॉइंट (मधे सेव्ह केलेली स्थिती) नसेल तर सगळं पाण्यात. चालू जॉबची वेळ तुम्ही स्वतः कमी करू शकता, वाढवायची असेल तर अॅडमिनला सांगावं लागतं, आणि तेही वेळ संपायच्या आत. लांब चालणाऱ्या कोडला मधेमधे स्टेट सेव्ह करायला शिकवा आणि --सिग्नल ऑप्शनने वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी इशारा मागून घ्या.

जीपीयू

इथे दोन पद्धती आहेत आणि त्या सारख्या नाहीत. --जीआरईएस=जीपीयू:२ म्हणजे प्रत्येक नोडवर दोन, --जीपीयूज=२ म्हणजे पूर्ण जॉबला मिळून दोन. एका नोडवर फरक पडत नाही, दोन नोड मागितले की लगेच पडतो. कोड एका जीपीयूसाठी लिहिलेला असेल तर दोन मागून तो दोन्ही वापरत नाही, दुसरा नुसता तापलेला पण नसतो, थंड पडून असतो. जीपीयूबरोबर सीपीयूही विचारपूर्वक मागा, एकच कोर दिला तर डेटा वाचून द्यायलाच वेळ जातो आणि एवढं महागडं कार्ड वाट बघत बसतं, डेटा लोडरचे जेवढे वर्कर तेवढे कोर आणि वर एखादा असं धरा. आणि हो, कुडा आउट ऑफ मेमरी आली की लोक --मेम वाढवतात, त्याचा काही उपयोग नाही, ती कार्डवरची मेमरी आहे, तिथे बॅच साइझ कमी करा नाहीतर मोठ्या मेमरीचं कार्ड मागा.

एकच प्रोग्राम शेकडो इनपुटवर

लूप लावून पाचशे वेळा एसबॅच मारू नका, अॅडमिनची मेल येईल. --अॅरे=१-५००%२० असं लिहा, म्हणजे पाचशे टास्क पण एकावेळी वीसच, आणि स्क्रिप्टमध्ये स्लर्म_अॅरे_टास्क_आयडी वापरून कुठला इनपुट ते ठरवा. रिसोर्स एका टास्कपुरतेच लिहायचे, पाचशेंचे मिळून नाही. आणि प्रत्येक टास्क अर्ध्या मिनिटात संपत असेल तर पन्नास-पन्नास इनपुट एका टास्कमध्ये कोंबा, नाहीतर कामापेक्षा जॉब सुरू करण्यातच वेळ जातो.

पेंडिंग आहे, आता काय

एसक्यू (रांगेतले जॉब दाखवणारी कमांड, एस आणि पुढे क्यू हा पूर्ण इंग्रजी शब्द) मध्ये शेवटच्या कॉलमात कंसात कारण असतं, ते वाचा. रिसोर्सेस म्हणजे तुमचा नंबर आलाय, जागा व्हायचीये. प्रायॉरिटी म्हणजे पुढे लोक आहेत. क्यूओएस किंवा असोकने सुरू होणारं लांबलचक काहीतरी असेल तर तुमची किंवा ग्रुपची लिमिट भरलीये, आधीचे जॉब संपल्याशिवाय किंवा लिमिट वाढल्याशिवाय हलणार नाही. पार्टिशनटाइमलिमिट म्हणजे परवानगीपेक्षा जास्त वेळ मागितली, हा जॉब जन्मात सुरू होणार नाही, काढा आणि परत टाका. रेक-नोड-नॉट-अव्हेल दिसलं तर बहुधा मेंटेनन्स जवळ आलाय आणि तुमच्या मागितलेल्या वेळेत तो मधे येतोय, अशा वेळी टाइम कमी केला की जॉब बऱ्याचदा लगेच सुरू होतो, करून बघा. कधी सुरू होईल याचा अंदाज एसक्यू --स्टार्टने मिळतो, आणि जॉब न टाकताच अंदाज हवा असेल तर एसबॅच --टेस्ट-ओन्ली. दोन्ही अंदाजच, लोकांचे जॉब लवकर संपले की बदलतात.

टेस्टिंग लॉगिन नोडवर करू नका एवढं पाळा. एसअॅलॉकने किंवा एसरन --पीटीवाय बॅशने अर्ध्या तासाचा इंटरॅक्टिव्ह सेशन घ्या, दोन कोर मागितले तर सहसा पटकन मिळतो.

पीबीएस असेल तर

विचार सगळा तोच, भाषा वेगळी. एसबॅचऐवजी क्यूसब, एसक्यूऐवजी क्यूस्टॅट. रिसोर्स सिलेक्टने मागतात: सिलेक्ट=२:एनसीपीयूज=१६:एमपीआयप्रॉक्स=१६:मेम=३२जीबी, म्हणजे असे दोन तुकडे, प्रत्येकात १६ कोर, १६ एमपीआय प्रोसेस आणि ३२ जीबी, मेमरी इथे प्रत्येक तुकड्याची. थ्रेडवाला जॉब असेल तर एमपीआयप्रॉक्स १ ठेवा आणि ओएमपीथ्रेड्स वाढवा. वेळेला वॉलटाइम. जुन्या टॉर्कवर (पीबीएसचाच एक प्रकार) सिलेक्ट नसतं, तिथे नोड्स=२:पीपीएन=१६ असं लिहितात. आणि स्लर्मवरून आलेल्याला पहिल्याच दिवशी नडणारी गोष्ट: स्लर्मचा जॉब तुम्ही जिथून सबमिट केला त्या फोल्डरमध्ये सुरू होतो, पीबीएसचा होम डिरेक्टरीत, त्यामुळे स्क्रिप्टची पहिली कमांड सीडी $पीबीएस_ओ_वर्कडिर हीच ठेवा, नाहीतर फाइल सापडत नाही म्हणून जॉब दोन सेकंदांत संपेल.